आत वळलेले काटे

गवताच्या पेंढीची दोरी काढायला मी विसरलो. गाईने जिभेचा विळखा घालून घास ओढला, तशी हातभर नायलॉनची दोरी तिच्या तोंडात गेली. आई धावत आली, जबड्यात बोटं घालून तिने ती हळूहळू बाहेर काढली.

"तिला थुंकता येत नाही रे," आई म्हणाली. "जिभेवरचे काटे आत वळलेले असतात. आलं ते आतच जातं."

मी गाईपुढे हात धरला. तिची जीभ कानशीसारखी खरखरीत होती, आणि दर चाटण्यासरशी माझा हात थोडा तिच्याकडेच सरकत होता.

वडील गेल्यावर मी आठ दिवसांसाठी आलो होतो. गाय विकून आईला शहरात न्यायचं ठरलं होतं. मग गाय व्याली, मग आईचा गुडघा दुखायला लागला. थांब असं मला कुणीच म्हटलं नाही. त्याला आता दोन वर्षं झाली.

आईने दोरी खुंटीला अडकवली. "पुढच्या महिन्यात जाणार ना तू?"

"हो," मी नेहमीसारखं म्हणालो. हात अजून गाईपुढेच होता.