घुम्याचा होकार

घुम्या बोलत नसे म्हणून लोक त्याला घुम्या म्हणत, आणि लोक घुम्या म्हणत म्हणून आता बोलायचं काही कारणच उरलं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांची आळी होती. दिवसभर वर छिन्नी-हातोड्यांचा खणखणाट, संध्याकाळी खाली बायकापोरांचा गलका. त्या दोन आवाजांच्या मधे हा माणूस भिंतीला टेकून बसलेला असायचा, भुवयांवर दगडाची पांढरी धूळ घेऊन.

त्याच्या घरात एक पद्धत आपोआप पडून गेली होती. हो म्हणायचं असलं की तो "हं" म्हणायचा. नाही म्हणायचं असलं की काहीच नाही. बायको विचारायची, "अहो, मागची खोली कुणाला देऊ या का?" तो गप्प. ती समजायची, नाही. "एखादी शेळी घेऊ या?" "हं." शेळी यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यात भांडण असं कधी झालं नाही. भांडायला नाही हा शब्द लागतो, आणि तो त्या घरात कुणी उच्चारतच नव्हतं. सासू शेजारच्या गल्लीत राहायची. ती म्हणायची, "आमच्या जावईबापूंचं गप्प बसणं म्हणजे बाभळीचं कुंपण. जाऊन बघा पलीकडे, अंगावर ओरखडे घेऊन याल."

त्यांची मुलगी तापाने गेली तेव्हाही तो गप्प राहिला. लोक येऊन बसले, उठून गेले. बायको कोपऱ्यात बसून त्याच्याकडे बघत होती. तो नाही म्हणतो आहे हे तिला दिसत होतं, पण ते ऐकणारं तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. न जाऊन काय करायचं हे कुणाला सुचलं नाही.

वर डोंगरात भिक्षुणींच्या संघासाठी राहायच्या खोल्या कोरण्याचं काम चाललं होतं. राजाने ते दान दिलं होतं, आणि भिक्षुणींच्या पोटासाठी खालच्या एका गावाचं धान्यही लावून दिलं होतं. घर बांधणारा पायापासून वर जातो. पाथरवट डोंगरात शिरला की छतापासून खाली येतो; ज्या दगडावर उभा राहतो तोच पुढे फोडायचा असतो. आधी छत गुळगुळीत करायचं, मग भिंती, आणि जमिनीला पाय लागले की काम संपलं. प्रत्येक खोलीत निजायला एक दगडी ओटा सोडायचा, उशाशी बोटभर उंचवटा ठेवून. लांबी बरोबर आहे की नाही हे बघायला घुम्या स्वतः त्यावर आडवा व्हायचा. त्याचे पाय बाहेर यायचे. गुडघे मुडपले की एका बाईच्या मापाचा ओटा झाला, असा त्याचा हिशेब होता.

त्याची बायको दुपारी जेवणाचं गाठोडं घेऊन वर यायची. तो सावलीत जेवायचा आणि तिथेच कलंडायचा. ती तोवर पुऱ्या झालेल्या खोल्यांच्या अंगणात जाऊन बसायची. तिथे भिक्षुणी राहायला आल्या होत्या. त्यांच्यात सगळ्यांत वडील होती तिला थेरी म्हणत. थेरी फार काही सांगायची असंही नाही. कधी वस्त्र शिवत असायची, कधी पाणी गाळत असायची. तिच्याकडे रोज काय ऐकतेस, असं सासूने एकदा लेकीला विचारलं.

"काही नाही गं आई," ती म्हणाली. "तिथे मला कुणी 'सावर आता' म्हणत नाही, एवढंच."

मग एका संध्याकाळी घुम्या दारात बसून छिन्नीला धार लावत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो."

त्याने मान वर केली.

"मी वर जायचं म्हणते. कायमची."

त्याचा हात चालूच राहिला.

"थेरी म्हणाल्या, लग्न झालेलीला नवऱ्याची परवानगी लागते. तुम्हाला सभेत बोलावून विचारतील."

छिन्नी दगडावरून पुढे गेली, मागे आली. तो गप्प होता. ती बराच वेळ थांबली आणि मग म्हणाली, "समजलं." उठली आणि शेळीला पाणी पाजायला गेली. घुम्याने तो विषय संपला असं धरलं. आजवर सगळे विषय असेच संपत आले होते.

सभेचं बोलावणं आलं तेव्हा तो कामावरूनच गेला, अंगावरची धूळ न झटकता. भिक्षुणी दोन रांगांत बसल्या होत्या. बायको मधे होती. केस अजून होते, पण वेणी घातलेली नव्हती. थेरीने स्वच्छ आवाजात विचारलं, "ही तुमची पत्नी. हिला घर सोडून संघात यायचं आहे. तुमची परवानगी आहे का?"

तो गप्प राहिला.

थेरीने दुसऱ्यांदा विचारलं. तो गप्प राहिला. त्याला वाटलं, इतकं ठाम आपण आजवर कधी कशाला नाही म्हटलं नसेल. थेरीने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्याने दातांवर दात दाबून धरले आणि बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. त्या सगळ्या सभेत त्याची भाषा येणारी ती एकटी होती. तिने डोळे खाली घातले.

"ते मौन धरून आहेत," थेरी म्हणाली. "म्हणजे संमती आहे, असं मी धरते."

तो बाहेर आला तेव्हा खोकल्या वाट बघत होता. खोकल्या म्हणजे त्याच्या जोडीने दगड फोडणारा पाथरवट. छातीत धूळ भरल्यामुळे दर वाक्याला त्याला खोकला यायचा, तरी तो वाक्यं काही कमी करत नसे.

"काय म्हणालास?"

घुम्याने मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं.

"काहीच नाही म्हणालास?" खोकल्याला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला आणि मग दोन्ही थांबलं. "अरे गाढवा! त्यांच्यात गप्प राहणं म्हणजे हो! त्यांचा सगळा कारभारच तसा चालतो. ज्याला पटत नसेल त्याने तोंड उघडायचं, गप्प बसला तो राजी. आळीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे हे. जा, पळ! केस कापायच्या आत सांग जाऊन."

घुम्याने हातोडा उचलला. तीनदा त्याने नाही म्हटलं होतं. चौथ्यांदा काय म्हणायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याने खोलीचा एक कोपरा काटकोनात आणला. काम चांगलं झालं होतं. ते चांगलं झालंय हे त्याला लांबून कळत होतं, जसं दुसऱ्याच्या घरात कुणी जेवतंय हे कळतं.

घरी चूल त्याने स्वतः पेटवली. शेळीचं दूध काढता येईना, म्हणून शेळी सासूकडे नेऊन बांधली. सासूने त्याला दारातच झाडलं. "तुम्ही गप्प बसलात म्हणजे नाही, हे आम्हाला माहीत. त्या टकलीला कुठून माहीत असणार? जीभ काय गहाण टाकलीय?" तो दोरी खुंटीला बांधून निघून आला. रात्री अंथरुणाच्या आपल्याच बाजूला तो निजायचा. दुसरी बाजू रिकामी ठेवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

राजा लढाईत पडला आणि घराणं बदललं, तेव्हा आळीला ते असं कळलं की धान्य मोजायला येणारी माणसं वेगळी आली. मग कामाच्या जागी हुकूम आला. दारावर कोरलेलं जुन्या राजाचं नाव काढून टाकायचं. ते काम घुम्याला मिळालं. नाव काढायला त्याला अर्धा दिवस पुरला; ते त्याच्या बापाने कोरलं होतं, त्याला किती दिवस लागले होते कोण जाणे. पण दगडावरून काढलेली गोष्ट निघत नाही, तिथे खळगा राहतो. खोकल्या म्हणाला, "आता नव्याचं नाव खळग्यात बसणार. पावसाचं पाणी साचेल बघ महाराजांच्या नावात."

नव्या राजाला यज्ञ हवे होते, यज्ञ करणारे हवे होते आणि त्यांना द्यायला गावं हवी होती. भिक्षुणींना लावून दिलेलं गाव त्यात सोयीचं होतं. पण संघाला दिलेलं दान उगाच परत घेता येत नाही, काहीतरी खोट दाखवावी लागते. म्हणून राजाचा एक अधिकारी येऊन आळीच्या चौकात बैठक घालून बसला. दवंडी पिटली गेली: ज्यांच्या बायका, लेकी परवानगीवाचून नेल्या असतील त्यांनी सांगावं, त्यांना घरी आणून पोचवलं जाईल.

सासू त्याच दिवशी बोचकं घेऊन घुम्याकडे राहायला आली. तिने घर झाडलं, अंथरूण उन्हात टाकलं, शेळीही परत आणली. "आता तरी उघडा तोंड," ती म्हणाली. "माझे डोळे चाललेत. पुरते जायच्या आत लेक दिसू दे."

चौकात पाळी येण्याच्या आदल्या संध्याकाळी घुम्या भिक्षुणींच्या अंगणाशी जाऊन उभा राहिला. बायको पाणी भरून येत होती. एकटीने पुरुषाशी बोलायचं नाही असा त्यांचा नियम, म्हणून दुसरी एक भिक्षुणी थोड्या अंतरावर थांबली आणि दुसरीकडे बघू लागली.

"उद्या विचारतील ना तुम्हाला?" बायको म्हणाली.

"हं."

"त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात. कळलं होतं मला." तिने घागर खाली ठेवली. "मी तोंड उघडलं असतं तर घरी यावं लागलं असतं. म्हणून नाही उघडलं. तुमच्याकडूनच शिकले."

त्याने तिच्या डोक्याकडे पाहिलं. केस नसले की कान मोठे दिसतात. मुलीचे कान असेच होते.

"आई बरी आहे?"

"हं." मग त्याने डोळे किलकिले करून हवेत चाचपडून दाखवलं.

"जे झालं ते सांगा उद्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलू नका. ते मला पेलणार नाही." दुसरी भिक्षुणी खाकरली. बायकोने घागर उचलली.

चौकात दुसऱ्या दिवशी सगळी आळी जमली. अधिकारी तरुण होता, त्याला ऊन सहन होत नव्हतं. त्याने घुम्याला पुढे बोलावलं. "तुझी बायको संघात आहे. तिला परवानगी दिली होतीस?"

घुम्या गप्प उभा राहिला.

"हा मुका आहे का?"

"मुका नाही, महाराज," सासू गर्दीतून म्हणाली. "त्यांचं हो असलं की ते हं म्हणतात. गप्प बसले म्हणजे नाही. लग्नापासून असंच आहे. साऱ्या आळीला विचारा."

"खरंय, खरंय," खोकल्या म्हणाला आणि खोकू लागला. चार जणांनी माना हलवल्या.

अधिकाऱ्याला ते बरं वाटलं. "मग सोपं आहे. बोलूच नकोस बाबा. गप्प राहिलास तर परवानगी नव्हती असं मी धरतो, आणि आजच माणसं पाठवून तिला खाली आणतो. दिली होतीस परवानगी?"

काहीच करायचं नव्हतं. जे तो जन्मभर करत आला तेच आणखी थोडा वेळ करायचं होतं. संध्याकाळी ती घरात असती, अंथरुणाच्या दुसऱ्या बाजूला. कोपऱ्यात बसून त्याच्याकडे बघत राहिली असती.

"हो," घुम्या म्हणाला. कुणालाच तो आवाज ओळखू आला नाही. "दिली होती."

"काय?"

"परवानगी दिली होती. मी."

अधिकाऱ्याने कपाळाचा घाम पुसला आणि पुढच्याला बोलावलं. सासू खाली बसली. परत जाताना खोकल्या घुम्याच्या शेजारून चालत होता. आळीच्या टोकापर्यंत तो काहीच बोलला नाही, हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

त्याच्या बोलण्याने भिक्षुणींचं गाव काही वाचलं नाही. दोन महिन्यांत दुसरी कसली तरी खोट सापडली आणि धान्य बंद झालं. भिक्षुणींनी थोडे दिवस काढले, मग त्या निघाल्या. दूर कुठल्या तरी राज्यात त्यांचा एक जुना विहार होता म्हणे. जाताना त्यांची रांग आळीतून गेली. माणसं दारात उभी राहिली. घुम्याही सासूला धरून दारात उभा होता. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती, पण परत आपल्या घरीही गेली नव्हती.

रांग जवळ आली. सगळ्यांची वस्त्रं एका रंगाची, सगळ्यांची डोकी सारखी, सगळ्यांची नजर पावलांपुढच्या जमिनीवर. कुणी वर पाहिलं नाही. घुम्या एकेक चेहरा बघत गेला. एकीचे कान मोठे होते, मग पुढच्या तिघींचेही मोठे दिसले. रांग अर्धी पुढे गेली, तरी त्याला ती सापडली नाही.

सासूने त्याचा दंड घट्ट पकडला. "कुठली आपली?" ती म्हणाली. "सांगा ना, कुठली?"

"ती," घुम्या म्हणाला आणि सासूचा चेहरा धरून मागून तिसऱ्या भिक्षुणीकडे वळवला.

रांग वळणाआड जाईपर्यंत सासू तिच्याकडे बघत राहिली.