खोली नंबर एक

भिंत दिसली आणि माझ्या मामेसासऱ्यांनी ती बोटाने ठोकून पाहिली नाही, असं पृथ्वीच्या पाठीवर कुठेही घडलेलं नाही. बांधकाम खात्यात तीस वर्षं ओव्हरसियर होते. ते रिटायर झाले, बोट काही झालं नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे अमेरिकेत पिस्कॅटवेला आले, तेव्हा अपार्टमेंटची भिंत ठोकून म्हणाले, "जावईबापू, हा पुठ्ठा आहे. कॉन्ट्रॅक्टरला धरा!" जवळच्या आयसेलिन गावातल्या साडीच्या दुकानात बायका पदर बघत होत्या आणि हे छताकडे बघून, "इथे ओल येणार," असं भविष्य सांगत होते. दुकानदाराने चहा पाजून कटवलं. पुढच्या पावसात खरंच ओल आली, हा भाग वेगळा.

नायगारा त्यांना नको होता. "पाणी वाया चाललंय, त्यात बघायचं काय?" त्यांना राहायचं होतं सरकारी विश्रामगृहात! मला हसू फुटलं, पण कारण ऐकून ते विरलं. नोकरीभर त्यांनी विश्रामगृहं रंगवली, नळ बदलले, गाद्या उन्हात घातल्या. पण साहेब लोकांच्या खोली नंबर एकमध्ये झोपणं नशिबी नव्हतं. एकदाच मिळाली होती, लग्नाच्या वाढदिवसाला. मामींनी हौसेने नवी चादरसुद्धा नेली होती. दोघं जेवायला बसतात तोच खानसामा धावत आला, "साहेब आले, खोली खाली करा!" भरल्या पानावरून उठून शेवटची एसटी गाठली. मामी जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

बायकोने फोन फिरवून फिरवून पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात, रस्त्याकडेला, राज्य सरकारचा जुना लॉज शोधला आणि हट्टाने खोली नंबर एकच बुक केली. काउंटरवर युनिफॉर्म घातलेल्या एक आजीबाई होत्या. मामांनी विचारलं, "एनी बिग ऑफिसर कमिंग टुडे?" त्या म्हणाल्या, "नो, सर." मामांचा विश्वास बसेना. "खालच्या स्टाफला आधी कळत नसतं."

झालं! बूट काढले नाहीत, बॅग उघडली ती फक्त पाना काढून गळका नळ दुरुस्त करण्यापुरती. मग खिडकीशी खुर्ची टाकून बसले. गाडी वळली की उभे. "मामा, प्लीज, रूम आपल्या नावावर आहे!" बायको वैतागली. "साहेबाला नाव लागत नाही, पोरी."

आणि संध्याकाळी आलीच की लांबलचक काळी गाडी! सुटाबुटातला, पोट सुटलेला गृहस्थ उतरला. अगदी अस्सल साहेब. मामा बॅग उचलून थेट काउंटरवर, खोली सोडायला. मी मागे धावलो. गृहस्थाने खोली मागितली. आजीबाई म्हणाल्या, "सॉरी, वुई आर फुल." तो "थँक यू" म्हणून निमूट निघून गेला.

मामा तिथेच खिळले. "जावईबापू... साहेब परत गेला?"

"गेला, मामा."

"आपण आहोत म्हणून?"

त्यांनी बूट काढले, बॅगेच्या तळातून मामींची तीच चादर काढून स्वतः अंथरली आणि सकाळी नऊपर्यंत असे घोरले, की भिंत ठोकून बघायची गरज उरली नाही.

निघताना आजीबाईंनी पाहुण्यांची वही पुढे केली. असल्या वह्या मामांनी आजवर फक्त साहेबांपुढे धरल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि मराठीत लिहिलं, "व्यवस्था उत्तम. ओल नाही. खोली खाली करावी लागली नाही." खाली दोन नावं लिहिली, मामींचं आधी. गाडी काढतो म्हणून मी बाहेर सटकलो.