दारातल्या चपला

मामा गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. 'आज टँकर उशिरा येईल' या निरोपाखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपले माजी नगरसेवक दामूअण्णा यांचे दुःखद निधन.' इंदिरानगरात मामांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. चालत चार मिनिटं. मी सख्खा भाचा, आणि बातमी मला टँकरच्या खाली वाचायला मिळाली... यात ग्रुपची काही चूक नव्हती.

मामांचं आयुष्य खरं तर झेंडूच्या मळ्यातच गेलं असतं. पण शहर वाढत आलं, मळ्याभोवती कॉलन्या झाल्या, नव्या लोकांना रस्ता नव्हता, गटार नव्हतं. त्यांच्या वतीने भांडता भांडता मामा नगरसेवक झाले. लागोपाठ तीनदा. त्या वर्षांत त्यांच्या दारात चपलांचा हा ढीग असायचा. मामी म्हणायची, "तुझ्या मामाचं वजन बघायला काटा कशाला? चपला मोज." मी ओझरच्या कारखान्यात साधा फिटर, पण चारचौघांत 'नगरसेवकांचा भाचा' याच हुद्द्यावर वावरत होतो. गॅससाठी फोन केला तरी सुरुवात, "दामूअण्णांच्या घरून बोलतोय!" सत्ता माणसाला बिघडवते म्हणतात. मामांना म्हणाल तर एवढंच, की मुहूर्त टळल्याशिवाय ते कुणाच्या लग्नाला पोचायचे नाहीत. "लवकर गेलं की लोकांना वाटतं, याला काम नाय." बाकी तुंबलेल्या गटारापाशी ते स्वतः जाऊन उभे राहत. भाचा मात्र पुरता बिघडला.

तिसऱ्यांदा निवडून आले त्या दिवशी त्या ढिगात माझी नवी कोल्हापुरी हरवली. मी वस्तू हरवण्यात पटाईत, म्हणून बायकोने ओळखीसाठी डाव्या पट्ट्याला हिरवा दोरा बांधून दिला होता. दोऱ्यासकट गेली. मी ओरडलो, "मामा, तुमच्या मतदारांनी माझी चप्पल पळवली!" गळ्यातल्या हारांतून मामांचं फक्त नाक दिसत होतं. तिथून आवाज आला, "भाच्या, एवढी मतं दिली त्यांनी, एक चप्पल नेली तर रडतो काय!" कुणाच्या तरी दोन नंबर मोठ्या सँडलमध्ये फटक फटक करत मी घरी आलो.

चौथ्यांदा मामा पडले. लोक काही एका दिवसात पांगले नाहीत. आधी सकाळचे यायचे थांबले, मग संध्याकाळचे. मी कोणत्या तुकडीत होतो ते सांगायला लाज वाटते. आधी मी रोज जायचो, मग रविवारी, मग सणाला. कारखान्याची बस पकडायला मी मागच्या गल्लीने जायला लागलो. तो रस्ता जवळचा आहे, असं मी घरात सांगत असे. तो लांबचा आहे.

लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मात्र जावंच लागलं. फाटकातून पाहिलं तर दारात सात-आठ जोड चपला. बरं वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मामी बाहेर आली. म्हणाली, "आत ये की. च्या टाकते."

"माणसं बसलीत, मामी. कशाला अडवू? नंतर येतो निवांत."

मामी काहीतरी बोलणार होती. मग तिने नुसतीच पत्रिका घेतली.

लग्न गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर होतं. मामा आयुष्यात पहिल्यांदा मुहूर्ताआधी आले आणि मागच्या रांगेत बसले. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी पुढाऱ्यांचे आशीर्वाद असतात. त्यांच्या नावांची चिठ्ठी माईकवाल्याला मीच लिहून दिली होती. सोसायटीची पाण्याची लाइन अडली होती, म्हणून त्या चिठ्ठीवर नवे नगरसेवक होते. मामा घरचेच, त्यांना काय वेगळं बोलवायचं! माईकवाला खर्जात म्हणाला, "आशीर्वाद देण्यासाठी येत आहेत आपले लाडके नगरसेवक..." आणि मागच्या रांगेत मामा उभे राहिले. पंधरा वर्षांची सवय. उपरणं सारखं केलं, एक पाऊल टाकलं... तेवढ्यात नाव आलं. मामांनी खाली वाकून खुर्ची उगाच थोडी सरकवली आणि बसले. तेवढ्या मांडवात ते मी एकट्याने पाहिलं. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.

त्यानंतर मी गेलोच नाही. रागावले असते तर गेलो असतो. पण ते रागावणार नाहीत याची मला खात्री होती, तेच जड वाटायचं.

तेरावं झालं, तिथल्या गर्दीत मीही होतो; मग माणसं पुन्हा आपापल्या कामाला लागली. परवा मी पुढच्या गल्लीने गेलो. दारात पुन्हा सात-आठ जोड! आत गेलो तर मामी एकटी लसूण सोलत बसलेली.

"माणसं कुठायत?"

"कसली माणसं? तुझे मामा पडल्यापासून घरातले सगळे जुने जोड रोज सकाळी बाहेर मांडायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, दामूअण्णाकडं अजून लोक येतात. आता ती सवय मला मोडवत नाय."

"मी पत्रिका द्यायला आलो तेव्हा...?"

"एकटेच बसले व्हते. आतून तुझा आवाज ऐकून सदरा घालायला उठले. तवर तू गेलास."

मी थोडा वेळ बसलो, चहा घेतला. निघताना दारात वाकलो आणि चपला शोधायला लागलो. माझ्या पायातली सापडली. तिच्या शेजारी, रांगेत सगळ्यात पुढे, धुळीने पांढरी पडलेली एक कोल्हापुरी होती. डाव्या पट्ट्याला हिरवा दोरा.

"ऑफिसची खोली आवरताना खुर्च्यांखाली सापडली," मामी मागून म्हणाली. "म्हटलं, पोचती करते. तर म्हणाले, राहू दे, येईल न्यायला. तवर रोज पहिली तीच मांडायचे."

मी ती उचलली नाही. जिथे होती तिथेच, रांगेत जरा सरळ केली.