नदीकाठच्या दोन जावा

थोरली नदीकाठच्या वाटेवर रखवालीला लागली तेव्हा तिथं चिटपाखरूही नसायचं. पुढं काठाला फरशी आली, दिवे आले, बाकं आली आणि अख्खं शहर तिकडं लोटलं. चालणारे, पळणारे, सायकलवाले, बाबागाड्या, कुत्री फिरवणारे. वाट मात्र होती तेवढीच. थोरली पिवळं जाकीट घालून उभी राहायची, शिट्टी फुंकायची आणि ओरडायची. लोक ऐकायचे, पण तोंड वाकडं करून.

धाकटी जाऊ घरात नुसती बसून कंटाळली होती. थोरलीनंच तिच्यासाठी आपल्या कामावरच्या साहेबांकडे शब्द टाकला. आपल्या हाताखाली राहील, हाही हिशोब मनात होताच. पण साहेबांनी धाकटीला पुलाखालचा तुकडा स्वतंत्र देऊन टाकला.

धाकटी शिट्टीला हात लावायची नाही. "काका, जरा डावीकडून." "दादा, इथं अरुंद आहे, उतरून चला ना." आणि दादा चक्क उतरायचे, वर हसायचेही. थोरली लांबून हे बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा जेवताना सासूबाई सहज म्हणाल्या, "धाकटीला माणसं कळतात हो."

"मग मला काय जनावरं कळतात?" थोरलीनं पातेलं आपटलं.

अशात साहेबांनी नवी व्यवस्था काढली. रविवारी सकाळी सायकली वरच्या रस्त्यानं जातील, खालची वाट फक्त चालणाऱ्यांना. थोरलीनं खाली जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी साखळी लावून सायकली वर वळवायच्या. "कल्पना तुमच्या जाऊबाईंची बरं का," साहेब कौतुकानं म्हणाले. थोरलीनं मान डोलावली. आतून मात्र ती धुमसत होती.

पहिल्या रविवारी सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग रोज फिरायला येणारे दोघे म्हातारे तिच्या शेजारून गेले. "किती निवांत वाटतंय. त्या पुलाकडच्या ताईंनी केलंय म्हणे." इतकी वर्षं थोरली ऊन अंगावर घेत इथं उभी होती. तिच्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

तेवढ्यात सायकलवाल्या पोरांचा घोळका आला. "मावशी, आजच्या दिवस जाऊ द्या ना खालून."

थोरली हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं साखळी काढली आणि पाण्याकडं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं पुलाखालून शिट्टी ऐकू आली. धाकटीची शिट्टी. थोरली धावत सुटली. बाबागाडी ढकलणाऱ्या एका बाईला धाकटीनं बाजूला सारलं होतं आणि पहिली सायकल धाकटीवरच आदळली होती. ती फरशीवर बसलेली, मनगट भलतीकडं वळलेलं. सायकलवाला पांढराफटक पडून पुटपुटत होता, "वर कुणी अडवलंच नाही." धाकटीनं थोरलीकडं एकदाच बघितलं. तिला सगळं समजलं होतं.

दवाखान्यात साहेब आले. धाकटी म्हणाली, "सायकली दिसताच मी शिट्टी वाजवायला हवी होती, साहेब. उशीर माझ्याकडूनच झाला. जाऊबाईंचं काही नाही त्यात."

थोरली दारात उभी होती. खरं तर तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तिचा जळफळाट झाला. माणसं हिची, कौतुक हिचं, आणि आता मोठेपणाही हिनंच घ्यायचा? साहेब बाहेर पडले तशी ती मागोमाग गेली.

"साहेब, साखळी मी काढली. मुद्दाम."

"का?"

"लोक तिचं नाव घेत होते म्हणून."

साहेबांनी हात पुढं केला. "त्या बऱ्या होईपर्यंत पुलाखाली त्यांच्या जागी तुम्ही उभ्या राहा. शिट्टी माझ्याकडं द्या. पुन्हा असं झालं तर घरी बसायचं."

घरी धाकटीचा हात प्लास्टरमध्ये. थोरली तिची वेणी घालायला बसली.

"मी मिटवलं होतं ना वहिनी. कशाला सांगितलंत?"

"तू मिटवलंस म्हणूनच सांगितलं."

धाकटीला हसू फुटलं. थोरलीनं वेणी जरा ओढूनच घातली.

पुलाखाली शिट्टीवाचून थोरलीची त्रेधा उडाली. "दादा, उतरता का," म्हणताना जीभ अडखळायची. काही उतरायचे, काही नाही. पण जो तो विचारायचा, "त्या ताई कधी येणार?" बाबागाडीवाल्या बाईनं तर संत्र्यांची पिशवीच हातात दिली, "त्यांना द्या."

घरी जाताना थोरली बाकावर टेकली. पिशवीतलं सगळ्यात चांगलं संत्रं निवडून तिनं सोललं आणि सावकाश खाल्लं. उरलेली घरी नेऊन धाकटीच्या उशाशी ठेवली.

"कुणी दिली?"

"तुझ्या लोकांनी," थोरली म्हणाली आणि दुसरं सोलून तिच्या हातात ठेवलं.