एस्तेरचा शेवटचा डाव

एस्तेर गावित चिंचपाड्याजवळच्या पाड्यावर कपडे शिवायची. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे अंग दुखून महिन्यातले कितीतरी दिवस ती अंथरुणात असे. सुरतेला मजुरी करणाऱ्या भावाने, इमॅन्युएलने, तिला लढाईच्या पत्त्यांचा खेळ आणून दिला.

त्यात समोरच्याने हल्ला केला की उत्तराचा पत्ता टाकता येई, आणि नंतर टाकलेला पत्ता आधी लागू होई. इमॅन्युएल घाई करून हरायचा. एस्तेर मात्र तो पत्ता राखून ठेवायची.

नवापूरच्या स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोचली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"एस्तेर, दवाखान्यात चल," इमॅन्युएल म्हणाला.

"एवढा डाव होऊ दे."

समोरच्याने सगळी ताकद एका हल्ल्यात लावली. एस्तेरने पत्ता टाकला. हल्ला लागू होण्याआधीच त्याच्यावर उलटला. ती जिंकली, पण तिला खुर्चीतून उठवेना.

दवाखान्यात इमॅन्युएलने विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"कालपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू स्पर्धेला येऊच दिलं नसतंस."

तिसऱ्या दिवशी एस्तेर गेली. दफन झाल्यावर घरी जमलेल्या शेजाऱ्यांनी तिच्या जिंकण्याचं कौतुक केलं. इमॅन्युएलला ते ऐकवेना; तो उठून बाहेर गेला.