दिल्लीचं माप आणि बाईंची कोळंबी

असले किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत हो. टाकीच्या तळाला शेवाळ धरतं तसे आपोआप धरतात. घासा, आठवड्यात परत हजर. खाडीकाठच्या सरकारी कोळंबी केंद्रात मी चहा करायची, टाक्या घासायची, तिथलेच हे.

तिथल्या शास्त्रज्ञ लिमये बाई अंड्यातून कोळंबी वाढवायच्या. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल, शास्त्र देशात नवं. पिल्लं आठवड्यात मरायची, बाई पुन्हा पहिल्यापासून.

मग दिल्लीहून एक साहेब आला, मूळचा पुण्याकडचा. नव्या शास्त्रात कोण किती पुढं गेलं ते मोजायला. कमी भरलं तर टाकी बंद.

"काय मोजता?" मी विचारलं.

"संशोधन."

मी मासळीचा तराजू आणून त्याच्या चहाशेजारी ठेवला. तो हसला नाही. बाई हसल्या, तेवढ्याच.

*

पिल्लं जगवायची युक्ती बाईंना सापडली एकदाची. खाडीवरच्या इस्माईलला पिल्लं दिलनी, युक्ती सांगितलनी. त्याच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी अडवलेल्या शेतात, कोळंबी माजली नुसती.

"छापून कुठं आलंय?" साहेबानं विचारलंन.

"छापलं नाही, सांगितलं. खाजणात दिसते ना," बाई म्हणाल्या.

"परदेशी मासिकात दिसली तर हिशोबात धरता येते."

*

झालं, आमच्या केंद्राचे मुख्य सावंत साहेब, त्यांना चेव आला. बाईंच्या एका कामाचे तीन लेख पाडा म्हणाले. एक डोक्यावर, एक धडावर, एक शेपटीवर.

"साहेब, डोकी आम्ही मांजराला घालतो."

"गप गो मावशी. डोक्याचापण नंबर लागतो."

तिन्ही लेखांवर पहिलं नाव सावंत साहेबांचं. मी म्हटलं, "मांजराचं राहिलं वाटतं."

*

बाई दिवसभर टाइपरायटरवर. टाकीकडे बघणार कोण? एका सकाळी सगळी पिल्लं तळाला, पांढरी पडलेली. मी धावत सांगायला गेले.

"एवढा परिच्छेद संपवते मावशी," म्हणाल्या.

कसला परिच्छेद, ते मागाहून त्यांनीच सांगितलं. पिल्लं कशी जगवावीत, त्याचा.

*

दिल्लीचा साहेब परत आला. लेख बघून खूश. केंद्राला वरचा नंबर. जेवायला बसता बसता म्हणाला, "टाकी मात्र रिकामीच दिसते. उगीच खर्च. आजच बंद करा, बाईंना लिखाणाला घ्या."

बाई पानावरून उठल्या. टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाकडे गेल्या.

मी कोळंबीचं सुकं वाढलं. साहेब बोटं चाटायला लागला.

"कुठली हो ही?"

"इस्माईलच्या खाजणातली. बाईंनी दिलेल्या पिल्लांची. छापून आलेली नाही, चालेल ना?"

बाहेर पंप बंद झाला.

साहेबानं ताट पुढं केलंन. "आणखी वाढा."