दादाच्या बंदुकीचा नंबर

"नंबर कुणी घासला?"

दादा, माझा भाऊ, जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि पोलीस ठाण्यात मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी बंदुकीचं विचारलं. म्हणून एकदाच लिहिते.

चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी. रानडुकरं येतात, माकडं येतात. म्हणून दादाकडे शेतीसंरक्षणाच्या लायसन्सची एकनळी बंदूक होती. जुनी, वडिलांच्या वेळची.

खाऱ्या हवेने तिची नळी सडली. रीतसर परवानगी काढून नवी बसवली. नळी काळी कुळकुळीत आणि खालची बॉडी झिजून पांढरी पडलेली.

वहिनी म्हणाल्या, "नवरा काळा नि बायको गोरी. आपल्यासारखीच दिसते हो!"

दादाला ते लागलं. "चोरीचे तुकडे जोडल्यासारखी दिसते," म्हणाला. मुंबईहून लोखंड काळं करायच्या औषधाची बाटली आणली आणि मागच्या पडवीत बसला.

मी तेव्हा तिथेच होते. बजावलं होतं, "दादा, काय करायचं ते कर. नंबराला हात लावू नकोस. नंबर गेला तर तो गुन्हा आहे."

"बाय, मला काय कळत न्हाय का?" त्याने बॉडीवर कोरलेल्या नंबरावर चिकटपट्टी लावली.

मग त्याने आमच्याकडचा कुणीही करील तेच केलं. घासून झाल्यावर बॉडीला खोबरेल पुसलं. कोयता असो, विळी असो, लोखंड घासलं की खोबरेल. हाताची सवय.

तेलावर औषध धरेना. कुठे काळं, कुठे पांढरं.

वहिनी पडवीत आल्या, वाकून बघितलं. "अगो बाई, हिला शिबं आलं!"

दादा संतापला. चिकटपट्टी ओढून काढली आणि पॉलिश पेपर घेऊन सगळी बॉडी पुन्हा पहिल्यापासून घासली.

सगळी.

दुसऱ्या वेळेला रंग सुंदर बसला. नळी आणि बॉडी एका आईची लेकरं वाटावीत इतका. पण नंबर दिसेना.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तो शांतपणे म्हणाला, "न्हाय गेला. हाय अजून. बोट फिरव, बोटाला लागतो."

खरंच लागत होता. पुसट, पण होता.

"ठाण्यात जाऊन सांगून ये," मी म्हटलं.

"खंडेनवमी झाली की जातो."

खंडेनवमीच्या आधीच तो गेला. वाडीतच, छातीत कळ येऊन.

माणूस गेला की बंदूक जमा करावी लागते. मी आणि वहिनी घेऊन गेलो. हवालदाराने ती उजेडात धरली, तिरकी केली, चष्मा वर केला. मग तो प्रश्न.

मी सगळं सांगितलं. औषध, खोबरेल, पॉलिश पेपर.

"मॅडम, सगळे असंच सांगतात. नंबर खोडलेला असेल तर मला वर कळवावं लागेल. चौकशी होईल."

"अहो, माणूस गेलाय."

"माणूस गेला. बंदूक हाय ना?"

आयुष्यभर कुणाच्या आंब्याला हात न लावलेला माझा भाऊ. आता गाव म्हणणार, मेला तो चोरीची बंदूक ठेवून मेला. नंबर बोटाला लागतो म्हटलं, तर हवालदार म्हणाला, "बोटाने वाचून लिहू काय मी?"

तेव्हा वहिनी उठल्या.

भिंतीवर गणपतीचा फोटो होता, खाली हळदकुंकवाची कोयरी. "साहेब, हे घेऊ का जरा?" त्यांनी हवालदाराला विचारलं.

दरवर्षी खंडेनवमीला बंदुकीची पूजा त्याच करायच्या. कुंकू नंबराच्या खाचांत जाऊन बसायचं आणि दादा कुरकुरत ब्रशने काढायचा.

वहिनींनी अंगठा आपल्या तेल लावलेल्या केसांवरून फिरवला, कुंकवात बुडवला आणि बॉडीवर दाबून ओढला. मग पदराने वरच्यावर पुसलं.

काळ्यावर लाल. एकेक आकडा उठून आला.

हवालदार लायसन्स समोर धरून मोठ्याने वाचत गेला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा तो म्हणाला, "काकी, बसा. चहा सांगतो."

"नको. पावती द्या," मी म्हटलं.

रिक्षात वहिनी लाल अंगठ्याकडे बघत बसल्या होत्या. पुसायला पदर उचलला.

"पुसू नका. कपाळाला लावा."

"आता मला कशाला, वन्सं?"

"लावा म्हणते ना."

लावलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

"तुम्ही पुढे बघून चालवा," मी म्हटलं.

आज वर्षश्राद्धालाही त्या कुंकू लावून बसल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. मी शेजारीच बसले होते.

दादा, तुझा नंबर जुळला. नावाला डाग नाही.

डुकरं येतात अजून. त्यांचं आम्ही बघू.

तू आता स्वस्थ राहा. तुला नमस्कार.